संकटात बँक कर्ज कसं देते? २००८ आणि २०२० मधून छोट्या व्यावसायिकाने काय शिकायचं



कर्जावरच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. "मंदी आली, बाजार कोसळला, तर बँका कर्ज देणं बंद करतात का?" व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर देऊन भागत नाही, कारण त्यात आकडे आहेत आणि थोडी आकडेमोडही आहे. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

थोडक्यात उत्तर आधी सांगते. संकटात बँका कर्ज बंद करत नाहीत. पण कर्ज कोणाला मिळतं, ते बदलतं. ज्याचं नाव आधीपासून बँकेच्या वहीत आहे, ज्याची मर्यादा आधीच मंजूर आहे आणि ज्याचे कागद चोख आहेत, त्याला मिळतं. नवीन माणूस दारात उभा राहतो. आणि हे ठरवताना बँक तुमच्या धंद्याइतकीच स्वतःच्या तिजोरीकडे बघत असते.

आता हे असं का होतं, ते एकेक पायरीने बघू.

१. आधी बँकेचं दुकान समजून घ्या

आपण बँकेकडे "पैसे देणारी" म्हणून बघतो. पण बँकसुद्धा एक दुकानच आहे. तिचा माल म्हणजे पैसा, आणि तो मालही ती उधारीवरच आणते. कोणाकडून?

• तुमच्या-माझ्यासारख्या ठेवीदारांकडून. बचत खातं, चालू खातं, मुदत ठेव.
• बाजारातून. म्हणजे दुसऱ्या बँका, म्युच्युअल फंड, मोठ्या संस्था यांच्याकडून, बऱ्याचदा अगदी कमी मुदतीसाठी.
• मालकांच्या भांडवलातून. बुडीत कर्जाचा फटका शेवटी इथे बसतो.

एका किराणा दुकानदाराची कल्पना करा. त्याचा होलसेलर म्हणाला, "आजपासून माल रोखीने." त्याच आठवड्यात चार गिऱ्हाइकांनी उधारी थकवली. आता नवीन राहायला आलेलं कुटुंब म्हणालं, "महिन्याचं खातं चालू करा", तर तो करेल का? नाही करणार. ते कुटुंब वाईट आहे म्हणून नव्हे, त्याचा स्वतःचा हात अडकलाय म्हणून. पण दहा वर्षांचं जुनं गिऱ्हाईक आलं, तर त्याला तो नाही म्हणणार नाही. त्याचं खातं बंद केलं तर मागची उधारीही बुडेल, हे त्याला कळतं.

बँकेचं अगदी असंच असतं. हे डोक्यात ठेवा, पुढचे सगळे आकडे सोपे वाटतील.

२. अमेरिका, २००८: कर्जाचा आकडा वाढला आणि तरी कर्ज मिळेना

१५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स ही अमेरिकेतली मोठी गुंतवणूक बँक दिवाळखोरीत गेली. त्यानंतर वित्तसंस्थांचा एकमेकींवरचा विश्वासच उडाला. आज कमी मुदतीने पैसे दिले तर उद्या ते परत येतील का, ही भीती.

सगळीकडे ओरड सुरू झाली की बँका कर्ज देत नाहीत. पण ऑक्टोबर २००८ मध्ये मिनियापोलिसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेशी संबंधित अर्थतज्ज्ञांनी आकडे काढून सांगितलं की बँकांची कर्जं एकदम घटल्याचं काही दिसत नाही. आणि आकडे खरे होते! सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत अमेरिकी बँकांच्या वहीत कंपन्यांना दिलेली कर्जं सुमारे १०० अब्ज डॉलरने वाढलेली दिसत होती.

मग ओरड खोटी होती का? नाही. तीही खरीच होती.

याचा उलगडा हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या व्हिक्टोरिया इवाशिना आणि डेव्हिड शार्फस्टीन यांच्या अभ्यासातून झाला. त्यांनी "शिल्लक कर्ज किती" हे न बघता "नवीन कर्ज किती मंजूर झालं" हे बघितलं. मोठ्या कंपन्यांना दिलेलं नवीन कर्ज २००८ च्या शेवटच्या तिमाहीत आधीच्या तिमाहीपेक्षा ४७ टक्क्यांनी घसरलं होतं. २००७ च्या दुसऱ्या तिमाहीत, म्हणजे तेजीच्या शिखरावर जेवढं कर्ज दिलं जात होतं, त्यापेक्षा तर ते ७९ टक्क्यांनी कमी होतं.

नवीन कर्ज एवढं कमी, तर शिल्लक आकडा वाढला कसा? कारण कंपन्यांनी आधी मंजूर करून ठेवलेल्या मर्यादा उचलायला सुरुवात केली. चांगल्या दिवसांत बँकेशी करार केलेला असतो, "लागेल तेव्हा एवढ्यापर्यंत पैसे द्यायचे", आणि त्यासाठी कंपनी शुल्कही भरते. संकट आल्यावर कंपन्यांना वाटलं की उद्या बँकेकडे पैसेच उरले नाहीत तर? म्हणून गरज नसतानाही काहींनी पैसे उचलून स्वतःकडे ठेवले. जनरल मोटर्सने सप्टेंबर २००८ मध्ये अशाच मर्यादेतले उरलेले साडेतीन अब्ज डॉलर उचलले.

आता बँकेच्या बाजूने बघा. आधी दिलेला शब्द पाळावा लागतोय, पैसा तिकडे चाललाय. मग नवीन आलेल्याला द्यायला उरतं काय? जुन्यांनी आधीच नळाला बादल्या लावलेल्या, आणि रांगेतला नवा माणूस रिकाम्या हाताने परत.

हा लेखातला सगळ्यात महत्त्वाचा धडा आहे, म्हणून वेगळा लिहून ठेवा: संकटात कर्ज मंजूर होत नाही, आधी मंजूर झालेलं कर्ज वापरलं जातं.

छोट्यांचं काय झालं? अमेरिकेची मध्यवर्ती बँक दर तिमाहीला बँकांच्या कर्ज अधिकाऱ्यांना विचारते की तुम्ही अटी सैल केल्या की कडक? ऑक्टोबर २००८ च्या पाहणीत सुमारे तीन चतुर्थांश बँकांनी सांगितलं की छोट्या व्यवसायांसाठीच्या अटी कडक केल्या. मोठ्या कंपन्या रोखे विकून बाजारातून तरी पैसे आणू शकतात. छोट्याकडे बँक सोडून दुसरं दार नसतं.

आणखी एक गोष्ट. जनरल मोटर्सने पैसे उचलले खरे, पण १ जून २००९ ला ती कंपनी दिवाळखोरीत गेलीच. मंजूर मर्यादा तुम्हाला वेळ मिळवून देते. धंद्यात मुळात तोटा होत असेल, तर तो ती भरून काढत नाही.

३. कोणत्या बँकेने हात कमी आखडला?

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्या जास्त कामाची आहे. सगळ्या बँकांनी कर्ज सारखं कमी केलं नाही. ज्या बँकांकडे ठेवींचा पाया मजबूत होता, त्यांनी कमी कपात केली. ज्या बाजारातल्या अल्पमुदतीच्या पैशावर जास्त अवलंबून होत्या, त्यांनी जास्त केली.

कारण साधं आहे. ठेवीदार सहसा एका रात्रीत सगळे पैसे काढत नाहीत, ठेवीवर विमा असतो, सवय असते. बाजारातला पैसा मात्र मुदत संपली की दुसऱ्या दिवशी निघून जातो.

म्हणजे कर्ज घेताना आपण फक्त व्याजदर विचारतो, पण "हा माझ्याकडे देणारा पैसा कुठून आणतो?" हाही प्रश्न विचारायला हवा. भारतात याचं उत्तर फार महाग पडलेलं आहे. तिकडे वळू.

४. भारत: तीन प्रसंग, तीन धडे

२००८-०९. आपल्या बँका अमेरिकेतल्या बुडीत गृहकर्जांत फारशा अडकलेल्या नव्हत्या. तरी झळ लागली. ज्या मोठ्या भारतीय कंपन्या परदेशातून किंवा शेअर बाजारातून पैसे उभे करत होत्या, त्यांची ती दारं बंद झाली. मग त्या देशातल्या बँकांकडे वळल्या. रांगेत अचानक मोठी माणसं येऊन उभी राहिली, तर छोट्याचा नंबर मागे जाणारच.

रिझर्व्ह बँकेने झपाट्याने पावलं उचलली. रेपो दर, म्हणजे ज्या दराने ती बँकांना उसने पैसे देते तो दर, ऑक्टोबर २००८ मध्ये ९ टक्के होता, तो एप्रिल २००९ पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. बँकांनी ठेवींतला जो हिस्सा रिझर्व्ह बँकेकडे रोख ठेवायचा असतो, तो सीआरआर ९ वरून ५ टक्क्यांवर आणला. तरी तुमच्या-माझ्या कर्जाचा दर लगेच तेवढा उतरला नाही. आणि त्या वर्षी सरकारी बँकांनी कर्ज बऱ्यापैकी चालू ठेवलं, खासगी आणि परदेशी बँकांनी जास्त हात आखडला.

धडा: वरून पाणी सोडलं म्हणजे आपल्या शेतात लगेच पोचत नाही. मधल्या पाटात बरंच अडतं.

२०१८. सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणारी मोठी कंपनी देणी फेडू शकली नाही. १ ऑक्टोबरला सरकारने तिचं संचालक मंडळ बाजूला केलं. याचा आपल्याशी संबंध काय? एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेल्या कर्ज कंपन्या. यातल्या बहुतेकांना लोकांकडून ठेवी घेता येत नाहीत. त्या बँकांकडून आणि म्युच्युअल फंडांकडून पैसा आणतात, काही तर तीन-सहा महिन्यांच्या मुदतीने आणून वर्षानुवर्षांची कर्जं देत होत्या. आयएल अँड एफएसनंतर फंड आणि बँका घाबरल्या, या कंपन्यांचा पैसा आटला, आणि अनेक कंपन्यांनी नवीन कर्जवाटप कमी केलं.

गाडीवर कर्ज, मशीनवर कर्ज, दुकानाच्या कागदावर कर्ज यासाठी छोटा व्यावसायिक याच कंपन्यांकडे जातो, कारण त्या लवकर देतात आणि कागद कमी मागतात. चांगल्या दिवसांत हा फायदाच आहे. पण झटक्यात देणारा झटक्यात थांबूही शकतो.

धडा: एनबीएफसीकडून कर्ज जरूर घ्या, पण धंद्याचं रोजचं खेळतं भांडवल फक्त तिच्यावर उभं करू नका.

२०२०. हे तर आपण सगळ्यांनी अंगावर झेललंय. शटर बंद, भाडं चालू, पगार चालू. २७ मार्चला रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४.४ टक्के केला, २२ मेला ४ टक्के. सीआरआर ४ वरून ३ टक्के केला. बँकांकडे पैशाचा पूर आला. मग त्यांनी तो वाटला का? १५ एप्रिल २०२० ला बँकांनी रिझर्व्ह बँकेकडेच परत ठेवलेली रक्कम ६.९ लाख कोटी रुपये होती! चार टक्क्यांनी पैसा सुखरूप ठेवणं त्यांना बरं वाटलं, बंद दुकानाला देणं नको वाटलं. म्हणून १७ एप्रिलला रिझर्व्ह बँकेने तो ठेवायचा दर ३.७५ टक्क्यांवर उतरवला, नंतर ३.३५ वर.

त्याच सुमारास छोट्या आणि मध्यम एनबीएफसींकडे पैसा जावा म्हणून रिझर्व्ह बँकेने बँकांना २५,००० कोटी देऊ केले. बँकांनी मागितले फक्त १२,८५० कोटी. पैसा स्वस्तात मिळत असूनही नको, कारण तो पुढे देण्यातली जोखीम बँकेच्याच डोक्यावर होती.

मग कर्ज केव्हा हललं? जोखीम सरकारने घेतल्यावर. मे २०२० मध्ये तीन लाख कोटींची आपत्कालीन कर्ज हमी योजना आली, बँकेच्या भाषेत ईसीएलजीएस. तारण नाही, सरकारची शंभर टक्के हमी, बँकांसाठी व्याजाची कमाल मर्यादा ९.२५ टक्के आणि एनबीएफसीसाठी १४ टक्के, मुदत चार वर्षं, त्यात पहिलं वर्ष मुद्दल भरायची नाही.

पण रक्कम कशी ठरत होती ते नीट बघा. २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्या नावावर जेवढं कर्ज शिल्लक होतं, त्याच्या २० टक्क्यांपर्यंत. म्हणजे १० लाख शिल्लक असेल तर २ लाख. ५० लाख असेल तर १० लाख. आणि ज्याने आयुष्यात बँकेचं कर्ज घेतलंच नाही, त्याला? शून्याचे २० टक्के शून्यच. शिवाय त्या तारखेला हप्ता ६० दिवसांपेक्षा जास्त थकलेला असेल, तर योजनेच्या बाहेर.

अनेक प्रामाणिक, कष्टाळू दुकानदार "आपल्याला कर्जच नको" म्हणत बाजूला राहिले होते. कर्ज नसणं वाईट नाही, उलट कौतुकाचीच गोष्ट आहे. पण बँकेत फाईलच नसल्यामुळे मदतीचं गणितही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही.

५. आता तुमच्या खात्यात काय होतं ते बघू

हा भाग बातम्यांत येत नाही, पण दुकान अडचणीत येतं ते इथे.

तुमच्याकडे १० लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा आहे, आपण सीसी लिमिट म्हणतो ती. मंजुरी १० लाखांची असली तरी रोज वापरायला मिळतात ते ड्रॉइंग पॉवरइतके. ती तुम्ही दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटवरून निघते. बँकेप्रमाणे टक्के बदलतात. आपण उदाहरणासाठी स्टॉकवर २५ टक्के आणि येण्यांवर ४० टक्के मार्जिन धरू. ९० दिवसांपेक्षा जुनी उधारी सहसा धरत नाहीत.

चांगले दिवस:
• स्टॉक १२ लाख, त्यातून व्यापाऱ्यांची देणी ४ लाख वजा. उरले ८ लाख. २५ टक्के मार्जिन काढून ६ लाख.
• ९० दिवसांच्या आतली उधारी ८ लाख. ४० टक्के मार्जिन काढून ४.८ लाख.
• ड्रॉइंग पॉवर १०.८ लाख. मर्यादा १० लाखांची, म्हणून पूर्ण १० लाख वापरता येतात. समजा तुम्ही ९ लाख वापरलेत.

संकट आलं, तीन महिने गेले:
• माल भरला नाही, स्टॉक ९ लाखांवर आला. देणी ४ लाख तशीच. उरले ५ लाख. मार्जिन काढून ३.७५ लाख.
• उधारी वाढून १० लाख झाली, पण त्यातली ६ लाख ९० दिवसांपेक्षा जुनी. धरली जाणार फक्त ४ लाख. मार्जिन काढून २.४ लाख.
• ड्रॉइंग पॉवर ६.१५ लाख.

तुमचे वापरलेले ९ लाख तसेच आहेत. म्हणजे २.८५ लाख रुपये जास्त उचललेले दिसतात, आणि शाखेतून फोन येतो, "खातं नियमित करा." ज्या महिन्यात गल्ल्यात काही नाही, त्याच महिन्यात बँक पैसे परत मागते! बँकेने मर्यादा कापली नाही, कोणी तुमच्यावर रागावलं नाही. नुसत्या गणिताने हे झालं. खातं सलग ९० दिवसांहून जास्त असंच राहिलं, तर ते एनपीएत जातं. आणि मर्यादेचं नूतनीकरण मुदतीनंतर १८० दिवसांत झालं नाही, तरीही जातं. मग चांगले दिवस परतले तरी कर्ज मिळताना नाकी नऊ येतात.

२०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना हे मार्जिन कमी करून ड्रॉइंग पॉवर पुन्हा काढायची मुभा दिली होती. पण ती मुभा होती, सक्ती नव्हती. ज्याने शाखेत जाऊन विचारलं, त्याचा विचार होण्याची शक्यता जास्त.

६. संकट येण्याआधी करायच्या गोष्टी

मर्यादा चांगल्या दिवसांत मंजूर करून घ्या. विक्री चढती असताना, हातात ऑर्डर असताना बँकेत जा. छत्री उन्हाळ्यातच घेऊन ठेवतात, तसं. "आत्ता गरज नाही" हेच बँकेला सांगायला सगळ्यात चांगलं कारण आहे.

मंजूर झालेली मर्यादा काठोकाठ वापरू नका. वरच्या उदाहरणात ९ ऐवजी ६ लाख वापरलेले असते, तर ड्रॉइंग पॉवर ६.१५ वर आल्यावरही खातं नियमित राहिलं असतं. फोन आलाच नसता. शांत दिवसांत ६०-६५ टक्क्यांच्या पुढे जायचं नाही, असा नियम मी माझ्या दुकानापुरता घातलाय. तुमच्या हंगामाप्रमाणे तुमचा आकडा ठरवा.

मंजुरी पत्र वाचा. अमेरिकेतल्या त्या कंपन्यांच्या करारात बँक शब्दाने बांधलेली होती. आपल्याकडच्या सीसीच्या अटींत बहुतेकदा "बँक मर्यादा कधीही कमी किंवा रद्द करू शकते" असं लिहिलेलं असतं. पैसे मागणी करताच परत करायचे असतात. म्हणून मर्यादेला राखीव निधी समजू नका. निदान दोन-तीन महिन्यांचं भाडं, पगार आणि हप्ते वेगळ्या ठेवीत हवेतच.

जनरल मोटर्सची नक्कल करू नका. सीसीतून पैसे काढून मुदत ठेवीत टाकले तर व्याजात तोटा होतोच, शिवाय धंद्यासाठीचा पैसा दुसरीकडे वळवला असा त्याचा अर्थ निघू शकतो. आपला बचाव म्हणजे न वापरलेली मर्यादा आणि स्वतःची शिल्लक.

फाईल जिवंत ठेवा. उद्यम नोंदणी, जीएसटी रिटर्न, आयकर रिटर्न, चालू खात्यातून होणारी खरी उलाढाल. रोखीने धंदा करून बँकेत कमी दाखवलं, तर संकटात बँकेला तुमचा धंदा कमीच दिसणार. छोटं का होईना, एक कर्ज घेऊन वेळेवर फेडलेलं रेकॉर्डला असू द्या.

दर कशाला जोडलाय ते विचारा. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलेली बदलत्या दराची नवीन कर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडावी लागतात आणि तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलावा लागतो. एनबीएफसीला हा नियम लागू नाही. संकटात रेपो उतरला तर फायदा कोणाला होणार, हे इथेच ठरतं.

सगळे पैसे एकाच ठिकाणी नकोत. २३ सप्टेंबर २०१९ ला मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येत होते. किती दुकानदारांची चालू खाती त्यात होती, विचार करा. मालाचे पैसे खात्यात दिसतायत आणि व्यापाऱ्याला चेक देता येत नाही. ठेव विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून पाच लाख झाली, चालू खातंही त्यात येतं. तरी दुसऱ्या बँकेत एक खातं असावं. सीसी असेल तर दुसरं खातं उघडण्याचे नियम आधी बँकेला विचारा.

७. संकट आलंच, तर पहिल्या पंधरा दिवसांत

१. हप्ता चुकायच्या आधी शाखेत जा. चुकल्यानंतर तुम्ही "थकलेले" असता, आधी गेलात तर "अडचण सांगायला आलेले" असता. पुनर्रचना, मुदतवाढ, हमी योजना या सगळ्यांत "अमुक तारखेला खातं नियमित होतं का?" हा पहिला प्रश्न असतो.

२. जाताना एक कागद न्या. तीन महिन्यांत किती येणार, किती जाणार, खड्डा किती आणि तो कशाने भरणार. एका पानावर. "साहेब, काहीतरी करा" यावर मॅनेजर वरच्या ऑफिसला काहीच लिहू शकत नाही. कागद असेल तर लिहू शकतो.

३. जुनी उधारी आधी वसूल करा. ९० दिवसांच्या आतली उधारी तुमची ड्रॉइंग पॉवर आहे, पलीकडची फक्त वहीतली शाई. दोन-चार टक्के सूट देऊन पैसे येत असतील तरी घ्या.

४. स्टॉक स्टेटमेंट वेळेवर आणि खरं द्या. आकडे फुगवायचा मोह होतो. पण तपासणीत सापडलं तर मर्यादा जाते आणि विश्वासही जातो.

५. हप्ते लांबवायची सवलत मिळाली तर विचार करून घ्या. २०२० मध्ये १ मार्च ते ३१ ऑगस्ट अशी सहा महिने सवलत होती, पण व्याज थांबलेलं नव्हतं. १० लाखांवर १२ टक्क्यांनी सहा महिन्यांचं व्याज साधारण ६० हजार होतं. हातात पैसे नसतील तर सवलत घ्याच. असतील तर हप्ता भरा.

६. घाईत महागडं ॲप कर्ज किंवा खासगी सावकार नको. एक हप्ता भरायला महिन्याला पाच टक्क्यांनी पैसे आणले, तर वर्षाला नुसतं व्याज ६० टक्के. कोणत्या दुकानाला तेवढं सुटतं?

८. या आठवड्याचा गृहपाठ

फक्त तीन गोष्टी करा.

पहिली, मंजुरी पत्र काढून मर्यादा रद्द करण्याची अट आणि नूतनीकरणाची तारीख शोधा, मोबाईलमध्ये दोन महिने आधीची आठवण लावा. दुसरी, तुमच्या आकड्यांवर वरचं गणित करा, आणि मग स्टॉक पाव हिस्सा कमी आणि निम्मी उधारी जुनी धरून पुन्हा करा. जो फरक येईल, ती तुमची खरी जोखीम. तिसरी, ज्यांच्याकडे कर्जच नाही त्यांनी जवळच्या बँकेत जाऊन छोट्या मर्यादेसाठी काय काय लागतं, त्याची यादी आणा.

पुढचं संकट कधी येईल ते कोणालाच सांगता येणार नाही. पण आलं की बँक आधी आपली वही उघडते आणि त्यात ओळखीची नावं शोधते. तुमचं नाव त्या वहीत स्वच्छ अक्षरात असू द्या, एवढं काम आज आपल्या हातात आहे.

पुढच्या भागात स्टॉक स्टेटमेंट कसं भरायचं, ते प्रत्यक्ष फॉर्म समोर ठेवून बघू. तोपर्यंत गणित करून ठेवा. भेटूच!